यादीतून गळलेली नावे

गेल्या वर्षी आंतर-हाऊस फुटबॉलसाठी मी कॅप्टन म्हणून यादी केली, तेव्हा तिच्यात २२ नावे होती. फायनलच्या दिवशी १२ उरली. मधल्या पाच आठवड्यांत कोणी पाय मुरगळून गेला, कोणी परीक्षेच्या धास्तीने, तर काही जण माझ्या ओरडण्याला कंटाळून. मला त्याचे वाईट वाटले नाही. ‘टिकले तेच खरे,’ असे मी अभिमानाने सांगत असे.

फायनलमध्ये मध्यंतरानंतर आमच्या लेफ्ट बॅकला चालता येईना. नववीतला, सांगलीचा मुलगा. मोजा काढला तर घोटा टम्म सुजलेला. चार दिवसांपासून दुखत होता.

“सांगितलं का नाहीस?”

तो मान खाली घालून म्हणाला, “दादा, सांगितलं असतं तर तुम्ही नाव कापलं असतं.”

एकुलता एक राखीव खेळाडू आधीच मैदानात उतरला होता. आम्ही दहा जणांनी खेळलो आणि ०-३ हरलो.

सुट्टीत अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल वाचले. तिथले फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा, धडकांचा खेळ. १९५४ मध्ये टेक्सास ए अँड एम हे आपल्यासारखेच कॅडेटांचे कॉलेज होते. नवे प्रशिक्षक पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांनी संघाला जंक्शन नावाच्या छोट्या गावी दहा दिवसांच्या शिबिराला नेले. दुष्काळ, रखरखते ऊन, खडकाळ जमीन, आणि सरावात पाणी प्यायला बंदी. शंभरच्या आसपास मुले गेली होती. शेवटपर्यंत साधारण पस्तीस टिकली. त्या मोसमात संघाने एक सामना जिंकला आणि नऊ हरले.

दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, हेच कॉलेज एकही सामना न हरता आपल्या गटात विजेते ठरले. त्या शिबिरानेच पोरे घडली, असे सांगणारे पुष्कळ आहेत. पूर्वी मीही तेच म्हटले असते. आता मला परत गेलेली मुले दिसतात. उन्हाने आणि तहानेने खचलेला प्रत्येक जण भित्रा कसा असेल?

आज तिथल्या मोठ्या कॉलेजांच्या संघांत १०५ पर्यंत खेळाडू ठेवता येतात. मैदानात एका वेळी अकराच. मोसमात माणसे जखमी होणार, काही सोडूनही जाणार, हे धरूनच यादी करावी लागते.

यंदा माझ्या यादीत २४ नावे आहेत. दोघे जण सराव सोडून गेले, तेव्हा त्यांच्या डॉर्मिटरीत जाऊन कारण विचारले. एक परत आला. दुसऱ्याला गणिताची चिंता होती. त्याला आठवड्यातून दोनच दिवस बोलावतो. दुखापत झालेल्याचे नाव खोडत नाही, पुढे ‘विश्रांती’ लिहितो.

परवा सरावाआधी लेफ्ट बॅक स्वतःहून आला. “दादा, आज गुडघा दुखतोय.”

मी त्याच्या नावापुढे तसे लिहिले आणि त्याला एम.आय. रूममध्ये पाठवले.