पन्नास रुपयांचा टाका

"अहो, मागं काहीतरी कुरकुरतंय," असं बायकोनं पहिल्यांदा सांगितलं ते मालवण सोडताना. मी म्हणालो, सामानाची पेटी हलत असेल. कणकवलीच्या अलीकडं तिनं पुन्हा सांगितलं, तेव्हा मी चेनवर ढकललं. फोंडा घाटात तिनं तिसऱ्यांदा पाठीवर बोट टोचलं आणि मी गप्प राहिलो, कारण तोवर मलाही ते कळायला लागलं होतं. डाव्या वळणावर पुढचं चाक वळायचं आणि मागचं जरा विचार करून मागोमाग यायचं.

गाडी २००७ सालची. एका सिलिंडरची, कार्बोरेटरवाली, मागं दोन शॉकअप, चेनला पत्र्याचं पूर्ण कव्हर. हे मॉडेल कधीच बंद झालंय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात तिचा काडीचा दोष नाही. या गाडीवर मी हंपी पाहिली, दिवेआगर ते वेंगुर्ला किनारा दोनदा केला. काट्यावर ९४,००० किलोमीटर होते. या खेपेला मागं बायको आणि दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या. पेट्यांत कपडे कमी आणि कोकम, काजू, मालवणी मसाला, सुका बांगडा जास्त. घरी आल्यावर मी त्या पेट्या तोलल्या. ३८ किलो भरल्या.

दाजीपूरला चहाला थांबलो. गाडी डबल स्टँडवर घेतली, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं. खेळत होतं. बुश गेले असतील, अशी मनाची समजूत घातली. बुश जाणं हे मध्यमवर्गीय दुखणं आहे, त्याची भीती वाटत नाही. तरी गुडघे टेकले आणि मोबाइलच्या उजेडात खालून पाहिलं. चिमट्याच्या डाव्या दांड्याला, शॉकअपच्या बैठकीच्या चार बोटं पुढं, चेनच्या वंगणाच्या काळ्या थरातून गंजाची तांबूस ओघळ आली होती. टपरीवरचं फडकं मागून घेतलं, पुसलं. खाली केसासारखी रेघ. रंग उडाला असावा असं वाटलं. नख फिरवलं तर नख अडकलं.

चिमटा म्हणजे स्विंग आर्म. गॅरेजात त्याला चिमटाच म्हणतात आणि तो दिसतोही तसाच. दोन लोखंडी दांडे, पुढच्या बाजूला एका लांब बोल्टवर फ्रेमला बिजागरीसारखे अडकवलेले, मागं त्यांच्या टोकांत चाकाचा एक्सल. खड्डा आला की चिमटा वर-खाली होतो आणि शॉकअप त्याला आवरतात. क्लचची वायर तुटली, पंक्चर झालं, तर गाडी थांबते. चिमटा तुटला तर गाडी थांबत नाही, ही त्यातली अडचण.

गाडी स्टँडवरून खाली घेतली. चहावाल्याला हँडल धरायला लावलं आणि बायकोला म्हटलं, जरा मागं बस. ती बसली. मी खाली वाकून बघत होतो. रेघ उघडली, आत पोस्टकार्ड जाईल एवढी. "उतर," म्हटलं. ती उतरली, रेघ मिटली. बायकोनंही वाकून पाहिलं. मग आम्ही दोघांनी, न बोलता, आत्ताच चढून आलेल्या घाटाच्या दिशेनं पाहिलं.

बायको एसटीनं पुढं कोल्हापूरला गेली. जाताना काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी दोन तास थांबून एक रिकामी परतणारी भाजीची पिकअप गाठली. चालकानं दीड हजार सांगितले, मी घासाघीस केली नाही. गाडी दोरखंडानं बांधली आणि शेजारच्या क्रेटवर बसून राधानगरीमार्गे कोल्हापुरात शिरलो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंडाचं कुठलंही काम होतं, अशी माझी लहानपणापासूनची श्रद्धा. आमच्या विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचे भाग तिथूनच यायचे. फाउंड्री, लेथ, ग्राइंडिंग, गिअर कटिंग, सगळं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून. ज्या मेस्त्रींकडं मला पाठवलं त्यांची शेड लहान होती, पण आर्गॉन वेल्डिंगचं मशीन चांगलं आणि जमीन झाडलेली. झाडलेली जमीन पाहून मी कारागिराबद्दल मत बनवतो. अजून फसलो नाही.

चिमटा काढायलाच दीड दिवस गेला. बिजागरीचा बोल्ट किनाऱ्याच्या खाऱ्या हवेनं बुशात असा धरला होता की नट निघाला तरी बोल्ट हलेना. मेस्त्रींनी घाई केली नाही. रात्रभर डिझेल सोडून ठेवलं, सकाळी बाहेरून हलका गॅस दाखवला, पितळी कांडी लावून हातोडीनं एकेक टोला. "लोखंडावर लोखंड मारलं की बोल्टचं तोंड पसरतंय, मग बसा बोंबलत," एवढंच बोलले. अकरा वाजता तो आला, वाकडा आणि लालभडक.

मग चिमटा रॉकेलनं धुऊन, रंग खरवडून 'डीपी' केली, म्हणजे फट शोधायची तपासणी. तीन डब्यांचा खेळ असतो. पहिल्यानं साफ करायचं, दुसऱ्यातला लाल रंग फवारून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, वरचा पुसून टाकायचा, मग तिसऱ्यातली पांढरी पावडर मारायची. फटीत मुरलेला लाल रंग त्या पांढऱ्यावर वर येतो. कुंकवाची रेघ उमटावी तशी ती उमटली. दाजीपूरला मला बोटभर दिसली होती. प्रत्यक्षात ती दांड्याच्या परिघाच्या अर्ध्याला आली होती.

आणि ती सुरू कुठून झाली होती, तेही दिसलं. चेनकव्हरचा खालचा पत्रा धरणारी एक पट्टी असते. तिच्या मुळाशी वेल्डिंगचा एक जाड, गाठीगाठींचा टाका होता.

"हे कुणाचं काम ओ?" मेस्त्रींनी विचारलं.

मी उत्तर दिलं नाही, पण मला लगेच आठवलं होतं. २०१४ साल, महामार्गावर कऱ्हाडच्या पुढं. ती पट्टी निखळली होती आणि चेनकव्हर खडखडत होतं. रस्त्याकडेला ट्रॉल्या जोडणाऱ्या एका माणसानं मोठ्या कांडीनं चटचट टाका मारला. मी शेजारी उभा राहून उसाचा रस प्यालो. पन्नास रुपये घेतले त्यानं. मी वर काळा स्प्रे मारला आणि विसरलो. त्या माणसाची चूक नव्हती. ट्रॉलीच्या फाळक्याला जसा टाका लागतो तसा त्यानं मारला. तो दांडा काय काम करतो हे त्याला सांगायचं मला सुचलं नाही.

आणि मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला! 'फटीग'वर परीक्षेत पानभर उत्तर लिहिलेलं. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा एक्सल तुटून भीषण अपघात झाला. पुढं ऑगुस्ट व्होलर या जर्मन इंजिनिअरनं रेल्वेचे एक्सल फिरवून फिरवून दाखवून दिलं, की एका दणक्यात तुटणार नाही इतक्या कमी भारानंही लोखंड तुटतं, तो भार पुन्हा पुन्हा येत राहिला तर. हे सगळं मला पाठ होतं. दोन शॉकअपच्या गाडीत चाक चिमट्याला मागून वर ढकलतं, शॉकअप त्याला खाली दाबतात, म्हणजे दांडा खालच्या अंगानं ताणला जातो. नेमका त्याच अंगाला माझा पन्नास रुपयांचा टाका. टाक्याच्या कडेला खाच, खाचेत पाणी आणि मीठ, वर ३८ किलोच्या पेट्या, आणि प्रत्येक खड्ड्याला एक ओढ. परीक्षेत हे विचारलं असतं तर मी चित्र काढून दाखवलं असतं.

"जोडून द्या," मी म्हटलं.

मेस्त्री हसले नाहीत. जोडायचं कसं ते त्यांनी सांगितलं. फटीच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, म्हणजे फट पुढं पळत नाही. मग ग्राइंडरनं तिची इंग्रजी व्हीसारखी खाच करायची, आर्गॉननं बुडापासून भरायची, वर पट्टी चढवायची. चिमटा पोलादी आहे म्हणून निदान विचार तरी करायचा. ॲल्युमिनियमचा असता तर वेल्डिंगच्या आचेनं शेजारचा भागच मऊ पडला असता. पण पोलादातही टाक्याच्या शेजारी आच लागलेला पट्टा राहतो, आणि पुढची फट तिथूनच निघते. शिवाय तापला की दांडा ओढ घेतो. पुढं अर्धा मिलिमीटर वाकला तर मागं चाक तिरकं बसतं.

मी वाद घातला. ट्रकच्या चासी जोडलेल्या चालतातच की. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले.

"जोडतो की. झकास जोडतो. रिकामी गाडी हळूहळू दारापर्यंत न्यायची असंल तर आत्ता जोडतो. पण त्यावर वैनीस्नी बसवून पुण्याला जाणार असाल तर न्हाई जोडत. दुसरा चिमटा बघा."

पैसे मिळत असताना काम नाकारणारा कारागीर मी त्याआधी एकदाच पाहिला होता, तो दाताचा डॉक्टर होता. मी गाडी तिथंच ठेवली. आम्ही दोघं पेट्या घेऊन शिवशाहीनं पुण्याला आलो. बांगड्याच्या वासानं अख्खी बस जागी होती.

नवा चिमटा मिळायचा प्रश्न नव्हता. नाना पेठेत चार दुकानांत विचारलं, एकानं सरळ सांगितलं, "काका, हा भाग आता फोटोतच मिळंल." रविवारी जुन्या बाजारात गेलो. तिथं एक सापडला, नऊशे रुपयांना, चकचकीत काळा. चकचकीत होता हेच खटकायला हवं होतं. घरी आणून रंगाचं रिमूव्हर लावलं, तर उजव्या दांड्याच्या पोटाला पितळी झाळणीचा पट्टा निघाला. माझ्यासारखाच कुणीतरी. वर चांगला तीन हात रंग. तो चिमटा मी परत विकला नाही, भंगारवाल्याला डोळ्यांदेखत कापायला लावला. नऊशे गेले.

तिसऱ्या आठवड्यात मेस्त्रींचाच फोन आला. गडहिंग्लजकडं एका घरामागं तेच मॉडेल अकरा वर्षं उभं होतं. इंजिनात पाणी गेलेलं, टाकी सडलेली, पण चिमटा कोरडा. मी म्हणालो, रंग काढून डीपी केल्याशिवाय घेऊ नका. ते म्हणाले, "केली. म्हणूनच फोन केला."

बसवताना मी हजर राहिलो. पुढच्या बोल्टच्या नळीत एक सरळ दांडी आणि एक्सलच्या खाचांत दुसरी घालून त्यांनी दोन्हींतलं अंतर दोन्ही बाजूंना मोजलं, मग तिरके कर्ण मोजले. नवे बुश, नवा बोल्ट, भरपूर ग्रीस. शेवटी पुढच्या-मागच्या टायरला लावून दोन्ही अंगांनी सुतळी ताणली आणि चाक रेषेत आणलं. चेन ॲडजस्टरच्या खुणांवर त्यांचा विश्वास नाही. आता माझाही नाही.

निघायच्या आधी मेस्त्रींनी जुना चिमटा व्हाइसमध्ये धरला, हॅकसॉनं उरलेल्या भागात थोडं कापलं आणि पाइप घालून मोडला. तुटलेली तोंडं मला दाखवली. टाक्याच्या कडेपासून निघालेला मोठा भाग तपकिरी, जुनाट, त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक वळ्या. त्यापुढं बोटभर पट्टा राखाडी, ताजा. त्यांनी आत्ता मोडलेला भाग तेवढा चांदीसारखा चमकत होता. तपकिरी भाग किती वर्षांचा असेल, असं मी विचारलं. मेस्त्री म्हणाले, "साहेब, फोंडा घाटातला कुठला ते विचारा." आणि राखाडी पट्ट्यावर अंगठा ठेवला.

एकूण खर्च, पिकअप आणि तो नऊशेचा चिमटा धरून, साडेअकरा हजार झाला. गाडीची आजची किंमत त्याच्या दुप्पटही नसेल. लोखंडी पेट्या विकल्या. आता कापडी पिशव्या आहेत आणि बांगडा पार्सलनं येतो. दर दोन हजार किलोमीटरला मी चिमटा रॉकेलनं धुतो आणि बॅटरीच्या उजेडात खालून बघतो. तुमच्या गाडीला कुणी कधी काही जोडून दिलं असेल, साधी पट्टी, साधा हूक, तर ती जागा आजच धुऊन बघा.

चेनकव्हरचा खालचा पत्रा आता दांड्याभोवती रबर घालून दोन होज क्लिपांवर बसवलाय. वेल्डिंग नाही. क्लिपा साठ रुपयांना मिळाल्या.