दर्यातली हाक

मुलांनो, ‘खारे वारे आणि मतलई वारे’ हे तुम्ही भूगोलात वाचले असेलच. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. परीक्षेत दोन गुणांचा हमखास प्रश्न! मीही वर्गात हे दरवर्षी शिकवते. पण मतलई वारा म्हणजे नेमके काय, ते मला कळले डिसेंबरातल्या एका सकाळी, देवबागला.

देवबाग हे मालवणजवळचे गाव. तारकर्लीच्या पुढे जमिनीची एक चिंचोळी पट्टी दक्षिणेकडे गेली आहे. एका बाजूला माडांआडून कर्ली नदीची शांत खाडी दिसते, तर दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र गर्जत असतो. पट्टी संपते तिथे खाडी आणि समुद्र एकमेकांना भेटतात. सुट्टीत बहिणीच्या मुलांना घेऊन मी तिथे गेले होते. मुलांना कयाक चालवायची होती.

कयाक म्हणजे एका-दोघांची अरुंद, हलकी होडी. दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने ती चालवतात. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची ही होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवत. आता ती प्लॅस्टिकची असते.

आम्ही सकाळी आठला खाडीत उतरलो. सोबत गावातला एक तरुण वाटाड्या होता. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होते. वाटाड्याच्या जॅकेटला मात्र एक पिवळा-काळा वॉकीटॉकी दोरीने बांधलेला होता. आठवीतला माझा भाचा हसला. म्हणाला, “मावशी, हे बघ खेळणं! माझ्याकडे तर मोबाईल आहे.”

अर्ध्या तासाने तो आमच्यापेक्षा बराच पुढे गेला. हाक मारली तर ऐकू जाईना. तो वल्हे मारत होता आमच्याकडे, पण सरकत होता उलटा, खाडीच्या मुखाकडे! ओहोटी लागली होती. खाडीचे पाणी समुद्राकडे धावत होते आणि वरून मतलई वारा त्याच दिशेला ढकलत होता. समोर मुखावर लाटा फुटत होत्या. माझ्या पोटात गोळाच आला. मी मोबाईल काढला. ओल्या बोटांना पडदा दाद देईना. कसाबसा उघडला, तर रेंज नाही.

वाटाड्याने शांतपणे ते ‘खेळणे’ तोंडाजवळ धरले, बटण दाबले आणि किनाऱ्यावरच्या सोबत्याला दोन वाक्ये सांगितली. पाच-सात मिनिटांत इंजिनाची होडी आली आणि भाच्याला, कयाकला दोर बांधून घेऊन आली. भाचा थरथरत होता. खरे सांगते, मीसुद्धा!

दुपारी किनाऱ्यावर जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलकाकांना हे सांगितले. ते म्हणाले, “बाईनू, हो मोबाईल जमिनीवरचो. दर्यात गेल्यार हेचा काय खरा नाय.”

अगदी खरे! मोबाईलला जवळपास मनोरा लागतो, शिवाय तो एका वेळी एकाच माणसाला ऐकवतो. समुद्रावरचा हा रेडिओ व्हीएचएफ लहरींवर चालतो. त्याला मनोरा लागत नाही, आणि त्याच चॅनेलवर असलेल्या आसपासच्या सगळ्या बोटींना तो ऐकू जातो. त्यातला १६ नंबरचा चॅनेल जगभर संकटाच्या हाकेसाठी राखलेला आहे. जीव धोक्यात असेल तर ‘मेडे, मेडे, मेडे’ असे तीनदा म्हणायचे. मग होडीचे नाव, आपण कुठे आहोत, काय झाले आणि किती माणसे आहेत ते सांगायचे. हा शब्द फ्रेंचमधल्या ‘मला मदत करा’ या अर्थाच्या शब्दांवरून आला. गंमत म्हणून ही हाक कधीही द्यायची नाही. हा रेडिओ वापरायला परवानाही लागतो.

पण या रेडिओलाही मर्यादा आहेत. त्याच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. कयाकमध्ये बसल्यावर आपले डोळे पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच असतात. तिथून क्षितिज सुमारे साडेतीन किलोमीटरवर! म्हणून हातातला रेडिओ काही किलोमीटरच पोचतो.

मग त्याहून दूर गेलेल्याने काय करायचे? त्यासाठी असतो बीकन, म्हणजे संकट-संकेत देणारी डबी. तो सुरू केला की ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश थेट उपग्रहाकडे जातो. भारतात तो इस्रोच्या बंगळूरच्या केंद्रात उतरतो आणि तिथून तटरक्षक दलाला कळतो. खिशात मावणारा बीकनही निदान २४ तास हाक देत राहतो. आपल्या मच्छीमारांसाठी इस्रोने असेच एक यंत्र बनवले, ते २०१० पासून वापरात आहे. त्याच्या नव्या रूपात ‘तुमची हाक पोचली’ असे उत्तरही मिळते. बुडत्याला त्या उत्तराने किती धीर येत असेल!

नौदलाचे अभिलाष टॉमी तुम्हांला माहीत असतील. २०१२-१३ मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून मुंबईहून निघून, कुठेही न थांबता, एकट्याने त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१८ मध्ये दुसऱ्या प्रदक्षिणेत, २१ सप्टेंबरला, दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांच्या होडीची डोलकाठी मोडली. पाठीला जबर दुखापत झाली, उठताही येईना. पण बीकन हाक देत होता. तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, एका फ्रेंच जहाजाने त्यांना सुखरूप उचलले. आणि २०२३ मध्ये तीच शर्यत त्यांनी दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली!

निघताना मी वाटाड्याला विचारले, “रेडिओ कयाकला न बांधता अंगाला का बांधतोस रे?” तो म्हणाला, “बाई, उलटलो तर कयाक वाहून जाईल. रेडिओ माझ्याजवळच पाहिजे ना!”

मुलांनो, तुम्ही कधी कयाकमध्ये बसलात तर आधी चार प्रश्न विचारा. भरती-ओहोटी किती वाजता? वारा कुठून कुठे? रेडिओ कोणाकडे? आणि आपण कधी परतणार, हे किनाऱ्यावर कोणाला ठाऊक आहे? पालकांनो, उत्तर मिळाले नाही तर पैसे भरले असले तरी मुलांना खाली उतरवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबरही लिहून ठेवा.

आणि हो, माझा भाचा आता मतलई वाऱ्याच्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवतो!