भावाचा फॉर्म आणि माझा हिशेब

आज जरा घरचंच लिहितोय.

नात बारावी झाली आणि म्हणाली, "आजोबा, मी बी.पी.ए. करणार. ड्रामॅटिक्समध्ये." घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. पैशाचा विषय निघाला की शेवटचा शब्द माझा, ही छत्तीस वर्षं बँकेत काढल्याची शिक्षा. माझा धाकटा भाऊ शेजारी चहा पीत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

साल १९७६. आम्ही तेव्हा दांडिया बाजारात राहायचो. वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले, आई, लग्नाची बहीण, आणि मी बी.कॉम. होऊन नुकता बँकेत चिकटलेला. पगार अजून चार आकडी झाला नव्हता. भाऊ गणपतीतली नाटकं गाजवायचा. एक दिवस तो सूरसागरजवळच्या नाट्य विभागाचा फॉर्म घेऊन आला. बडोदेकरांना ती जागा सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, तिचंच पुढे संगीत, नृत्य आणि नाट्याचं कॉलेज झालं आणि नंतर ते विद्यापीठात आलं. आम्ही लहानपणापासून त्या दारावरून सेव-उसळ खायला जायचो, आत मात्र कधी गेलो नव्हतो.

मी त्याला नाही म्हटलं नाही. त्याहून वाईट केलं. कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि हिशेब मांडला. फी तशी फार नव्हतीच, पण तेवढी वर्षं घरात दुसरी कमाई नाही, हा आकडा मोठा होता. उजव्या बाजूला 'उत्पन्न' लिहिलं आणि त्याखाली 'अनिश्चित'. कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो वाचला, घडी घातली, खिशात टाकला. आठवड्याने कॉमर्सला नाव घातलं. पुढे खताच्या कारखान्यात अकाउंट्समध्ये लागला, तिथूनच रिटायर झाला. नाटक केलं नाही ते केलंच नाही, गणपतीतलंही.

तो हिशेब अगदीच खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. बहिणीचं लग्न त्या दोन पगारांतून झालं. नाटक शिकून शेवटी विम्याच्या पॉलिस्या विकणारेही मी पाहिलेत, माझ्याच काउंटरवर यायचे. पण एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. मी तो कागद लिहीत होतो त्याच सुमारास शेजारच्या खेडा जिल्ह्यात पीज गावी टेलिव्हिजन सुरू झालेलं होतं. अहमदाबादची अंतराळवाली मंडळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम करत होती, त्यात नाटकं, मालिकासुद्धा. त्यांना लिहिणारे, बोलणारे, प्रकाश-आवाज सांभाळणारे लोक लागत होते. म्हणजे 'अनिश्चित'च्या खाली काय काय येऊ शकतं हे मी पाहिलंच नव्हतं. नाटक म्हणजे तोंडाला रंग लावणं, एवढीच माझी समज.

या वेळी कागद घेतला नाही. नातीबरोबर विभागात गेलो, पहिल्यांदाच. एक मुलगी शिडीवर चढून लाइट फिरवत होती, खालून दुसरी तिला हातभर डावीकडे घे म्हणत होती. एक पोरगा टेपने स्टेज मोजून आकडे वहीत उतरवत होता, तेही आमच्या लेजरपेक्षा नीट. भरताचं नाट्यशास्त्र, आवाज, शरीर, रंगभूषा, नेपथ्य, चार वर्षं हे सगळं. यातून सगळे नट होत नाहीत. कुणी शाळेत नाटक शिकवतं, कुणी लाइट करतं, कुणी आवाज देतं, कुणी लिहितं. पगार महिन्याच्या एक तारखेला येईलच असं नाही, हे मात्र तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

म्हणून नातीला माझी एकच अट. कामाचं बिल स्वतः करायचं, मानधनातून टीडीएस कापला तर रिटर्न भरायचं, आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडल्याशिवाय कुणाला ट्रीट द्यायची नाही. "आजोबा, तुम्ही म्हणजे ना!" म्हणाली, पण वही आणली.

प्रवेशासाठी एक उतारा सादर करायचा होता. रोज संध्याकाळी ओट्यावर म्हणून बघायची. एकदा भाऊ आत पेपर वाचत होता, तो उठून बाहेर आला. म्हणाला, "वाक्य संपताना आवाज पाडू नकोस. मागच्या रांगेला शेवटचा शब्दच ऐकू येत नाही. अगोदर श्वास घे." मग त्याने स्वतः ते वाक्य म्हणून दाखवलं. सदुसष्टीच्या माणसाचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत गेला. समोरच्या बेन गॅलरीत आल्या.

नात म्हणाली, "काका आजोबा, परत एकदा."

तो म्हणाला. मी आत जाऊन बसलो, दार तेवढं उघडं ठेवलं.