लोखंडाच्या गावात लोहाचा हिशेब

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी गोंदिया मागे टाकून छत्तीसगडात शिरते. डोंगरगडला बम्लेश्वरीच्या डोंगराचे दर्शन होते, मग राजनांदगाव येते आणि नागपूरपासून सुमारे २६५ किलोमीटरवर दुर्ग. दुर्गला लागूनच भिलाई आहे. रुळांच्या दोन्ही बाजूंची भातशेती संपते न संपते तोच कारखान्याची धुराडी दिसू लागतात. या मुलखाला ‘धान का कटोरा’, म्हणजे भाताचे कोठार म्हणतात. त्याच कोठाराच्या मधोमध पोलादाचे हे गाव वसले आहे.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. पुढे चारच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ ला, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारतीय रेल्वेला लागणाऱ्या रुळांचा मोठा वाटा अनेक दशके याच कारखान्यातून जात आला आहे. कामगारांसाठी कारखान्याशेजारी नवे गाव वसवण्यात आले आणि त्याचे सेक्टर पाडले गेले. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, ओळीने उभी असलेली क्वार्टर्स. येथे पत्ता सांगायचा तर आधी सेक्टरचा आकडा सांगावा लागतो.

सेक्टर १० हा त्यातलाच एक. शेजारच्या सेक्टर ९ मध्ये कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे. सिव्हिक सेंटरची बाजारपेठही जवळच. सेक्टर १० मधील सीनिअर सेकंडरी शाळेचे नाव भिलाईत घरोघरी ठाऊक आहे. या गावात शिक्षणाचे वेड मोठे. दहावी-बारावीचे गुण आणि इंजिनीअरिंगच्या प्रवेशपरीक्षा हे येथल्या अंगणांतले नेहमीचे विषय.

एका बाकावर सारा भारत

कारखान्यात नोकरीसाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, ओडिया आणि अर्थातच मराठीसुद्धा. मराठी माणसाला हा मुलूख तसा नवा नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल रतनपूरपर्यंत होता. त्यामुळे भिलाईच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले, की एका बाकावर इडली, पराठा, लुची, थालीपीठ आणि छत्तीसगडी चिला शेजारी शेजारी दिसू शकतात.

मग मुलांचा वाद ठरलेला. कोणाचा डबा चांगला? ‘चांगला’ म्हणजे चवीला की अंगाला लागणारा? आईचे उत्तर एक, जाहिरातीचे दुसरे आणि आजीचे तिसरेच. सहावी ते आठवीच्या मुलांना हा वाद आकड्यांनी सोडवायला शिकवता येते. त्यासाठी लागतात दोनच गोष्टी. एक अन्नघटकांचा विश्वासार्ह तक्ता आणि दुसरी संगणकावरची स्प्रेडशीट.

भिलाईत हा धडा घेण्याला आणखी एक कारण आहे. कारखान्याला लागणारे लोहखनिज सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या दल्ली-राजहराच्या खाणींतून येत आले आहे. त्यात लोह किती टक्के, हे प्रयोगशाळेत काटेकोरपणे तपासले जाते. पण माणसांच्या रक्तातल्या लोहाचे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार छत्तीसगडमधील १५ ते ४९ वयोगटातील ६०.८ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४७ टक्के होते. साऱ्या देशाच्या रेल्वेला लोखंड पुरवणाऱ्या राज्यात लेकीबाळी मात्र लोहाला पारख्या! रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. सिकलसेलचा आजारही या भागात आहे. परंतु ताटातली लोहाची उणीव हे त्यातले मोठे कारण आणि ते घरात दूर करता येण्याजोगे आहे.

तक्ता आणि रकाने

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांचे घटक सांगणारे तक्ते प्रसिद्ध केले. स्प्रेडशीट हेही काही फार अवघड प्रकरण नव्हे. १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ हा पहिला लोकप्रिय प्रोग्रॅम आला. आज एक्सेल, गूगल शीट्स किंवा फुकट मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क यांपैकी काहीही चालते. कल्पना करा, दुकानदाराची आडव्याउभ्या रेघांची खातेवही आहे. फरक इतकाच, की ही वही बेरीज-गुणाकार स्वतः करते.

पहिल्या रकान्यात पदार्थाचे नाव, दुसऱ्यात आपण तो किती ग्रॅम खाल्ला ते, पुढच्या रकान्यांत १०० ग्रॅममागे ऊर्जा, प्रथिने, कॅल्शियम, लोह. मग एकच सूत्र लिहायचे. खाल्लेले ग्रॅम गुणिले तक्त्यातला आकडा, भागिले शंभर. हे सूत्र खाली ओढले, की सगळ्या ओळी भरून निघतात. नव्या तक्त्यात ऊर्जा कॅलरीत नसून किलोज्यूलमध्ये दिली आहे. तांदळापुढे १४९१ असा आकडा दिसला की मुले चक्रावतात. त्याला ४.१८४ ने भागले, की ३५६ ही ओळखीची कॅलरी मिळते. विज्ञान आणि गणित असे एकाच ओळीत येतात.

आता लोहाच्या रकान्यावर चढउताराचा क्रम लावायचा. पांढऱ्याशुभ्र तांदळात १०० ग्रॅममागे लोह जेमतेम ०.६५ मिलिग्रॅम. कोदोत, ज्याला कोकणात हरीक म्हणतात, सुमारे २.३. ज्वारीत आणि कणकेत चारच्या आसपास, नाचणीत सुमारे ४.६ आणि बाजरीत सुमारे ६.४. ज्या धान्यांना ‘गरिबाचे खाणे’ म्हणून शहरी स्वयंपाकघराने दूर ठेवले, ती यादीत वर येऊन बसतात. हे वडीलधाऱ्यांनी शंभरदा सांगितले तरी मुले ऐकत नाहीत. स्वतः क्रम लावल्यावर मात्र त्यांना ते पटते.

आकडे फसवतातही

पण येथेच थांबले तर धडा अर्धाच राहील. आकड्याला प्रश्न विचारायला शिकणे हा त्याचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग.

कॅल्शियमचेच उदाहरण घ्या. १०० ग्रॅम तिळांत सुमारे १२८३ मिलिग्रॅम, नाचणीत ३६४ आणि गाईच्या दुधात ११८. तीळ पहिले, दूध शेवटचे. पण १०० ग्रॅम तीळ एका बैठकीत कोण खातो? तिळाच्या लहान लाडवात १० ग्रॅम तीळ धरले तर कॅल्शियम मिळते १२८. पन्नास ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीतून १८२. आणि दोनशे ग्रॅम दुधाच्या पेल्यातून २३६. सगळा क्रमच उलटा झाला! म्हणूनच ‘किती ग्रॅम खाल्ले’ हा रकाना सोडून चालत नाही. पाकिटबंद खाऊवरचे आकडे वाचतानाही हीच सवय उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट पोह्यांची. जुन्या पुस्तकांत पोह्यांत १०० ग्रॅममागे लोह २० मिलिग्रॅम दिलेले आढळते, २०१७ च्या तक्त्यात ते साडेचारच्या आसपास आहे. म्हणजे आकडा कोणत्या साली, कोणी मोजला, हेही एका रकान्यात लिहून ठेवले पाहिजे.

तिसरी गोष्ट तिवऱ्याची. विदर्भात हिला लाखोळी म्हणतात. छत्तीसगडात भाताच्या शेतात ती पेरली जाते. प्रथिनांच्या रकान्यात ही डाळ भाव खाऊन जाते. मात्र दुष्काळात महिनोन्‌महिने तिच्यावरच गुजराण केलेल्या लोकांचे पाय कायमचे लुळे पडल्याचा इतिहास आहे. तिच्यातल्या विषारी घटकाचा रकाना प्रथिनांच्या तक्त्यात नसतो. तक्त्यात जे नाही, ते जगातही नाही असे मुलांनी समजू नये.

आणि बासी? रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिरचीशी खायचा, हे छत्तीसगडचे उन्हाळ्यातले आवडते खाणे. २०२२ साली १ मे रोजी, कामगारदिनी, ‘बोरे बासी’ खाण्याचे आवाहन राज्य सरकारने केले आणि तिला मान मिळाला. तक्त्यात तिची ओळ सापडणार नाही, कारण तेथे बहुतेक पदार्थ कच्चे आहेत. मुलांनी तांदूळ, कांदा, भाजी वेगवेगळे तोलून स्वतःच ती ओळ तयार करायची. म्हणजे वजनकाटा स्वयंपाकघरात आला!

शाळेच्या ताटाची परीक्षा

सरकारी व अनुदानित शाळांतील दुपारच्या जेवणासाठी सहावी ते आठवीच्या मुलांचे प्रमाण ठरलेले आहे. १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. यातून किमान ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. खरेच मिळतात का? मुलांनी ताडून पाहावे.

तांदळातून ५३४ कॅलरी, तूरडाळीतून ९९, तेलातून ६८. बेरीज ७०१. म्हणजे भाजी मोजण्याआधीच ऊर्जा पुरी झाली. आता भाजीच्या ओळीत बटाटा लिहा. कॅलरी होतात सुमारे ७५०, प्रथिने १९ ग्रॅमच्या वर आणि लोह जेमतेम २.६ मिलिग्रॅम. बटाटा पुसून तेथे लाल भाजी, म्हणजे आपला लाल माठ लिहा. कॅलरी किंचित उतरून ७२५ च्या आसपास येतात, प्रथिने २१ ग्रॅमपर्यंत जातात आणि लोह होते साडेसात मिलिग्रॅम! जवळजवळ तिप्पट. दहा ते बारा वर्षांच्या मुलीला दिवसाला २८ मिलिग्रॅम लोह लागते असे पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. त्याच वयाच्या मुलाला १६. फक्त कॅलरी पाहणाऱ्याला दोन्ही ताटे सारखीच दिसली असती.

ही लाल भाजी छत्तीसगडच्या कोणत्याही बाजारात जुड्यांनी विकायला असते. भातासोबत ती येथल्या घरांत वर्षानुवर्षे शिजते आहे. तिच्यावर लिंबू पिळले तर त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर घेतलेला चहा उलट अडथळा करतो. हेही रकान्यात दिसत नाही, शिक्षकांनाच सांगावे लागते.

२०२४ साली आलेल्या एनसीईआरटीच्या सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहारावर स्वतंत्र पाठ आहे आणि त्यात भरडधान्यांनाही जागा मिळाली आहे. पाठ वाचून झाला, की शाळेच्या संगणककक्षात दोन तासिका पुरतात. घरी संगणक नसला तरी बिघडत नाही. चौकटीच्या वहीत रेघा ओढून हाच हिशेब करता येतो, फक्त गुणाकार हाताने करावा लागतो. मराठी घरांतली भाजणी तरी दुसरे काय आहे? ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा, उडीद यांचे प्रमाण आजीने बसवले, तेव्हा तिच्यासमोर तक्ता नव्हता. नातीने आज ते आकड्यांत मांडून पाहावे आणि आजीला वाचून दाखवावे.

केव्हा, कसे?

भिलाई पाहायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. उन्हाळा कडक असतो. मुंबई, पुणे, नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्या दुर्गला थांबतात. तेथून भिलाईला जायला रिक्षा-टॅक्सी मिळतात. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून उभारलेले मैत्रीबाग हे उद्यान व प्राणिसंग्रहालय मुलांना आवडेल. कारखाना आतून पाहायचा तर आधी परवानगी काढावी लागते. सेक्टरांतून पायी फिरताना सकाळच्या भाजीबाजारात अवश्य डोकवा. लाल भाजीची जुडी, कोदोचे तांदूळ आणि नाचणी, जिला येथे मडिया म्हणतात, यांचे भाव मुलांनाच विचारू द्या. हिशेबाच्या तक्त्यात ‘किंमत’ हा आणखी एक रकाना घातला, की दहा रुपयांत सर्वाधिक लोह कशातून मिळते तेही ती स्वतःच शोधून काढतील.