एका बाराची बंदूक

भाद्रपद सरता सरता भाताच्या लोंबीत दूध भरतं आणि इन्सुलीच्या रात्रींचा वास बदलतो. कुणग्यांतल्या उबदार चिखलाचा, पिकायला आलेल्या पात्यांचा, घाट उतरणाऱ्या ट्रकांच्या तापलेल्या ब्रेकांचा, कुणाच्या तरी पडवीत विझत आलेल्या धुरीचा, असे सगळे वास एकमेकांत मिसळत खळ्यापर्यंत येतात आणि तिथेच रेंगाळतात. आणि मग, रात्र अगदी स्वतःशीच बोलू लागलेली असताना, पलीकडच्या वाडीत एक बार होतो. डोंगर तो झेलतो, काजूच्या बागांवरून घरंगळवत नेतो आणि बांद्याकडे, तेरेखोलच्या पाण्यावर सोडून देतो. कुत्री भुंकतात. मग तीही थांबतात.

कुणीतरी जागं आहे.

माझ्यासाठी बंदूक ही वस्तू नव्हतीच कधी. तो भाद्रपदातला एक आवाज होता. गोधडीत शिरून ऐकायचा, आणि तो झाला की रान आपल्यापासून दोन पावलं मागे सरलं असं समजून कूस बदलायची. त्यामुळे जमीन माझ्या नावावर झाली, डुकरांनी एका रात्रीत उभा कुणगा उलटापालटा केला आणि बंदूक घ्यायचं घरात ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो हाच, की आवाज निवडायचा कसा?

कायद्याला ही अडचण नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यातलं तेरावं कलम मी रूक्षच असणार असं धरून वाचायला घेतलं, आणि त्यात चक्क आमची बंदूक भेटली. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागणाऱ्याला ठासणीची बंदूक; तिने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी. दिल्लीतल्या कुठल्याशा टेबलावर हे लिहिणाऱ्याने मांगरात कंदील बारीक करून बसलेला माणूस कधी पाहिला होता की काय, कोण जाणे. बाकी सातबारा, पोलिसांची चौकशी, ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खेपा, यांत लिहिण्यासारखं काही नाही. तिकडे कर्नाटकातल्या कोडगूत कोडवांना परवान्यातूनच सूट आहे, आणि कैलपोळ्दच्या सणाला ते बंदुकांना फुलं वाहतात. आम्ही अर्जाला झेरॉक्स जोडतो. असो.

निवडायला तात्या बरोबर होते. बंदूक कळणारी जी शेवटची पिढी गावात उरली आहे, त्यातले.

पहिली पाहिली ती घाटावरच्या एका परवानाधारक दुकानात. मुंगेरच्या कारखान्याची, नवीकोरी, नळीवर निळसर काळी झाक, दस्त्याचं पॉलिश इतकं ताजं की दुकानातली ट्यूबलाइट त्यात लांबच लांब पडलेली. मी हरखलो. तात्यांनी ती उचलली, घोडा अर्ध्यावर ओढून चाप दाबून पाहिला, अर्ध्यावर ओढलेला घोडा जागचा हलता कामा नये, आणि तो हलला नाहीही. मग त्यांनी गज उपसून नळीत सोडला. आत उतरताना तो किणकिणला, तळाशी जाऊन स्वच्छ वाजला. सगळं ठीक होतं.

"नवी हा," तात्या म्हणाले, "पण माका ती काय सांगना नाय."

खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात एक वेगळीच बंदूक होती. 1853 सालची एनफिल्ड. तीही तोंडाकडूनच भरायची, पण तिच्या नळीत तीन आटे होते, आणि त्या आट्यांतून गोळी स्वतःभोवती फिरत, आपली वाट धरून, दूरवर जायची. तिच्याच काडतुसांवरून 1857 पेटलं हे शाळेत शिकलो होतो. ती गोळी हवेत कशी गिरकी घेत जात असेल, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या ठासणीच्या नळीला आटे नसतात. आतून ती गुळगुळीत, तिला दूरचं दिसत नाही. छरे बाहेर पडतात आणि अंधारात विस्कटून जातात. निशाण धरून दूरचा जीव टिपण्यासाठी ती नाहीच. ती आहे बांधापुरती.

आणि बांधापलीकडे गवा असतो. चांदण्यात पाहिलाय मी, भातात पोटापर्यंत बुडालेला, गुडघ्यापासून खाली पांढरे पाय, मान वर करून माझ्याकडे बघणारा, जणू मीच त्याच्या कुणग्यात आलो होतो. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत ठेवलंय, आणि तिथे तो शोभतो. गव्यावर बार टाकायचा नसतो. त्याच्या वरच्या आभाळावर टाकायचा. रानडुकराला मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. 2002 पासून तिलारीच्या अंगाने हत्ती येऊ लागले आहेत, त्यांना आमचा बार म्हणजे शेजाऱ्याच्या घरातलं खोकणं. तेव्हा विकत काय घ्यायचं, तर थोडा उजेड, थोडा धूर, आणि काळोखाला ऐकू जाईल एवढा एक शब्द.

या किनाऱ्याला तो शब्द जुना आहे. गोवा घेतल्याला पुरती तीन वर्षं होतात तोच, 1513 मध्ये, आल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला लिहून कळवलं होतं की गोव्यातले बंदूक घडवणारे बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे आहेत. आमच्या घाटापासून गोव्याची सीमा ती केवढीशी! 1844-45 च्या उठावात मनोहर आणि मनसंतोष गडांवरून सावंतवाडीची माणसं इंग्रजांशी लढली, आणि गड पडल्यावर त्यांतले कितीतरी हीच सीमा ओलांडून पोर्तुगिजांच्या मुलखात गेले. त्यांच्या खांद्यांवरचं लोखंड पुढे कुठे गेलं असेल? कुठली नळी कोयता झाली असेल, कुठली अजून एखाद्या माळ्यावर, सुपाऱ्यांच्या पोत्यामागे, कुणाची तरी वाट बघत असेल?

केपेची गोष्ट मला त्याहून आवडते. घोड्याखाली बसते ती तांब्याची इवलीशी टोपी. तिच्या मुळाशी आहे स्कॉटलंडमधला एक पाद्री, अलेक्झांडर फोर्साइथ. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. चकमकीची ठिणगी दारूत पडून बार होईपर्यंत जी क्षणभर झळक दिसायची, तिनेच पाखरं सावध होऊन उडायची. म्हणून त्याने घाव बसताच पेटणारं मिश्रण वापरून पाहिलं आणि 1807 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. टोपी पुढे इतरांनी केली. पाखरांना मिळणारा तो एक क्षण एका धर्मोपदेशकाने काढून घेतला, आणि मग सगळ्या जगाच्या सैन्यांनी एकमेकांचा तसाच क्षण काढून घेतला. रविवारी तो चर्चमध्ये काय बोलत असेल?

दुसरी बंदूक शेजारच्या गावात होती. साधी, लांब नळीची, मूळचा दस्ता कधीतरी तुटल्यावर कुणीतरी फणसाच्या लाकडाचा बसवलेला; हळदीकडे झुकणारा त्याचा पिवळा रंग हातांच्या घामाने गालाजवळ काळवंडला होता. तात्यांनी गज सोडला. नव्या बंदुकीसारखा किणकिणला नाही, जरा खालच्या पट्टीत वाजला.

"हातात घेवन बघू नको," ते मला म्हणाले. "डोळे मीट, खांद्याक लाव, आणि मगे उघड. माशी समोर इली तर ती तुझी."

मी डोळे मिटले. फणसाचं लाकूड गालाला लागलं, दुपारच्या उन्हात राहून कोमट झालेलं. उघडले तर नळीच्या टोकावरची माशी नेमकी समोर, आणि तिच्यापलीकडे माड.

तिसरी बघायची म्हणून बघितली. मालक जाऊन बराच काळ झालेला, परवाना मुलाच्या नावावर, मुलगा मुंबईला. तिचा घाट तिन्हींत देखणा, घोड्यावर कोरलेली वेल. तात्यांनी गज सोडला आणि तो वाजलाच नाही. थप्प असा आवाज झाला. त्यांनी गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावला, आत गेलेला भाग मोजला, आणि त्यांचा चेहरा बदलला. बंदूक भरलेली होती.

गेलेल्या माणसाने कुठल्यातरी रात्री तिच्यात दारू ओतली होती, सोडणाचा काथ्या कोंबला होता, छरे सोडले होते, वर पुन्हा काथ्या ठासला होता. आणि डुक्कर आलं नाही, म्हणून ती तशीच खुंटीला टांगून तो झोपायला गेला. तो गेला. घर रिकामं झालं. पावसाळे आले नि गेले. ती मात्र भरलेलीच होती, एका न आलेल्या जनावरासाठी, एका न झालेल्या आवाजाने.

तात्यांनी तिचं तोंड डोंगराकडे केलं, तिच्या कानात, म्हणजे केपेखालच्या छिद्रात, पाणी सोडलं, गजाच्या टोकाला पेच लावून काथ्या फिरवत ओढून काढला. खालून दमट, काळी, ढेकूळ झालेली दारू निघाली. मला वाटलं होतं की हीच घ्यावी. तात्यांनी उजेडाकडे धरून नळीत पाहिलं आणि ती खाली ठेवली. गंजाने नळी आतून खाल्ली होती. अशी बंदूक धरणाऱ्याच्याच हातात फुटते. त्यावर बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

परतताना मी विचारलं, की मग काडतुसाचीच का नको, लागोपाठ दोन बार तरी निघतील. तात्या हसले.

"एकच बार असता, झिला. चुकलो तर डुक्कर हसता. पण तोपर्यंत तुझो राग उतारता."

आता कळतं ते. बार झाला की ठासणीची बंदूक गप्प होते आणि तुम्हालाही गप्प करते. दारू मोजा, काथ्या शोधा, गज चालवा, बोटांच्या चिमटीतून केप निसटते ती अंधारात चाचपा. तेवढ्यात धूर विरतो, डुक्कर ओहोळ ओलांडतं, आणि ज्याला मारायला उठला होतात तो शत्रू पाण्यात वाजणारे चार खूर एवढाच उरतो. दुसऱ्या बाराची ज्याला घाई आहे त्याने ही बंदूक घेऊ नये.

मी फणसाच्या दस्त्याची घेतली. परवान्यावर तिचा नंबर चढला. निवडणूक लागली की ती बांद्याच्या ठाण्यात जमा होते, आणि निकालानंतर पावती दाखवली की परत मिळते.