अठरावा नंबर

गुरुवार, 27 एप्रिल 2023, नोव्हाय (मिशिगन)

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा, ड्राफ्ट कॅन्सस सिटीत, आणि आमचा अड्डा नेहमीप्रमाणे मित्राच्या दिवाणखान्यात. आज तिथे दोनदा सगळे गप्प झाले. पहिल्यांदा बाराव्या नंबरला, आमच्या डेट्रॉइट लायन्सनं अलाबामा विद्यापीठाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) जाहमीर गिब्ज घेतला तेव्हा. दुसऱ्यांदा अठराव्याला, आयोवाच्या जॅक कॅम्पबेलचं नाव पुकारलं तेव्हा. वहिनींनी बटाटेवड्यांची बशी टीपॉयवर जरा जोरातच ठेवली. "लाइनबॅकर? अठराव्याला? अहो भावजी, दुसऱ्या राउंडला आरामात मिळाला असता की हा!"

वहिनींचं बोलणं वरवरचं नसतं. या घरात डिफेन्स कळतो तो त्यांनाच. मित्र फक्त स्कोअर बघतो आणि चहा करतो.

पुण्याहून भाच्यानं विचारलं, "मामा, हा लिलाव आहे का?" लिलाव नाही. आयपीएलमध्ये खेळाडूवर बोली लागते आणि बोलीवरून त्याची किंमत ठरते. इथे बोली नाहीच. 32 संघ, सात राउंड, आणि गेल्या हंगामात जो तळाला गेला त्याचा नंबर आधी. आपल्या पाळीला जो हवा तो उचलायचा. पहिल्या चार वर्षांचा पगार 2011 पासून नंबराला बांधलेला आहे. म्हणजे अठराव्या नंबराला लाइनबॅकर घ्या, कॉर्नरबॅक (झेल घेणाऱ्यांना रोखणारा) घ्या, नाहीतर क्वार्टरबॅकवर (पास टाकणाऱ्यावर) तुटून पडणारा घ्या, खर्च तोच. वहिनींचा राग इथेच आहे. चार वर्षांनी बाजारात गेलं तर क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा प्रचंड महाग मिळतो, लाइनबॅकर त्या मानानं स्वस्त. मग स्वस्तातल्या चार वर्षांत महागाचा माणूस का नाही घ्यायचा? रनिंग बॅकची तीच गत. लायन्सनं एका रात्रीत दोन्ही 'स्वस्त' जागांवर पहिल्या राउंडचे नंबर घालवले.

भाच्याचं उत्तर आलं, "पण खेळाडू चांगला आहे ना?" आमच्यापैकी कुणी तो प्रश्न अजून विचारलेलाच नाही.

शुक्रवार, 28 एप्रिल

ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी दिवसभर एकच विषय. गंमत म्हणजे कॅम्पबेल या पोराबद्दल कुणाची तक्रार नाही. उंची सहा फूट पाच इंच, वजन 249 पौंड, आणि एवढा देह घेऊन 40 यार्ड 4.65 सेकंदांत. आयोवाकडून 2021 च्या हंगामात 143 टॅकल (चेंडूवाल्याला अडवून पाडणं). 2022 साली देशातल्या सर्वोत्तम कॉलेज लाइनबॅकरचं बटकस पारितोषिक, वर अभ्यास आणि खेळ दोन्ही सांभाळणाऱ्याला मिळणारी ट्रॉफीही. तिचं नाव योगायोगानं कॅम्पबेल ट्रॉफी. लायन्सच्या कोचचं आडनावही कॅम्पबेल. नातं कुणाचंच कुणाशी नाही.

लोकांना झोंबतंय ते जुनं. 2017 साली याच संघानं एकविसाव्या नंबरला जॅरड डेव्हिस नावाचा लाइनबॅकर घेतला होता. पळायला विजेसारखा, पण खेळ कुठल्या दिशेला चाललाय हे त्याला उशिरा उमगायचं. चार हंगामांनी तो गेला. त्याआधी 2003 ते 2005 सलग तीन वर्षं पहिल्या राउंडला झेल घेणारेच घेतले, आणि 2008 साली सोळाच्या सोळा सामने हरले. अशा गावात नव्या पोराच्या नावापुढे आधी प्रश्नचिन्ह लागतं, मग जर्सीचा नंबर.

संध्याकाळी दुसरा राउंड. 34 ला सॅम लापोर्टा, तोही आयोवाचाच. 45 ला अलाबामाचा ब्रायन ब्रँच, वहिनींचा आवडता. दिवाणखान्यात टाळ्या. मी म्हटलं, "वहिनी, हा ब्रँच अठराव्याला घेतला असता आणि कॅम्पबेल पंचेचाळीसला, तर?"

"तर काय! काल मी वडे नीट खाल्ले असते."

माणसं तीच, संघ तोच, खेळ तोच. फक्त क्रम फिरवला की कालचा गाढवपणा आजची हुशारी ठरते.

रविवार, 30 एप्रिल

शेजारचे आजोबा हिरवळीला खत टाकत होते. गाड्यांच्या कारखान्यात जन्म गेला. लायन्सनं शेवटचं विजेतेपद मिळवलं ते 1957 साली, तेव्हा ते शाळेत होते. त्यांच्या मते लाइनबॅकरनंच संघ उभा राहतो, आणि तो म्हणजे जो श्मिट. तेरा हंगाम डेट्रॉइटसाठी, थेट हॉल ऑफ फेममध्ये. मी म्हटलं, बघा, म्हणजे पहिल्या राउंडची जागा आहे ना ही! ते हसले. श्मिटला 1953 साली लायन्सनं सातव्या राउंडला उचललं होतं. म्हणजे त्यांचा पुरावा वहिनींच्याच बाजूचा. मी तो वहिनींना कळवणार नाही.

जाता जाता म्हणाले, "कॅरोलायना विसरलास काय?" कसा विसरेन. गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी, प्लेऑफची आशा जिवंत असताना, कॅरोलायनाच्या धावपटूंनी आमच्या डिफेन्सवरून 320 यार्ड काढले. मधली फळी कुठे होती ते शोधावं लागत होतं. त्या हंगामात सर्वांत जास्त यार्ड दिले ते लायन्सनंच. महागाचा माणूस हवा हे खरं, पण भोक नेमकं मधोमध पडलेलं होतं.

शुक्रवार, 11 ऑगस्ट

फोर्ड फील्डवर सरावसामना, न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध. 21–16 जिंकलो, पण त्याला अर्थ नाही. मी चेंडूकडे न बघता 46 नंबरकडेच, म्हणजे कॅम्पबेलकडेच, बघायचं ठरवून गेलो होतो.

टीव्हीवर लाइनबॅकर कळत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे फिरतो आणि लाइनबॅकरचं निम्मं काम चेंडू हलायच्या आत संपतं. समोरच्या धिप्पाड फळीपासून चारपाच यार्ड मागे उभं राहायचं, गुडघे किंचित वाकवून. डोळे क्वार्टरबॅकवर नाहीत, तर त्या फळीतल्या गार्डच्या पायांवर. गार्ड बाजूला सरकला की चेंडू बहुधा त्याच अंगाला पळणार. गार्ड ताठ होऊन मागे गेला की पास येणार. मग पाठ न दाखवता मागे सरकायचं आणि आपला पट्टा धरायचा. प्रतिस्पर्धी हे जाणून असतो, म्हणून तो धावेचं सोंग करून पास टाकतो. सोंगाला भुलून दोन पावलं पुढे गेलात की चेंडू तुमच्या डोक्यावरून मागच्या मोकळ्या जागेत. हा सगळा निवाडा एका पावलात करायचा. पहिलं पाऊल चुकलं तर 4.65 सेकंदांचा वेग चुकीच्या दिशेला नेतो एवढंच.

सहा फूट पाच इंच इथे दुधारी. पासच्या वाटेत त्याचे लांब हात आले की क्वार्टरबॅकला चेंडू वर उचलून टाकावा लागतो. पण एवढ्या उंच माणसाला कंबर फिरवून चपळ रनिंग बॅकच्या मागे वळायचं म्हणजे वेळ लागतो. लोकांची खरी शंका ही असायला हवी होती. माझ्या मागच्या रांगेतले दोघे मात्र चारही क्वार्टर त्याच्या नंबराचाच हिशेब करत बसले होते, आणि तोही जर्सीवरच्या नव्हे, ड्राफ्टमधल्या.

गुरुवार, 7 सप्टेंबर

विजेत्या कॅन्सस सिटीला त्यांच्याच मैदानावर 21–20 हरवलं! ब्रायन ब्रँचनं पहिल्याच सामन्यात चेंडू हिसकावून 50 यार्ड पळत टचडाउन केला. वहिनींचा रात्री मेसेज: "तुमच्या अठराव्याचं काय?" अठराव्याला अजून सुरुवातीची जागा मिळालेली नाही. पुढे अ‍ॅलेक्स अँझलोन आणि डेरिक बार्न्स आहेत. बार्न्स 2021 चा, चौथ्या राउंडचा. उन्हाळाभर सगळे त्याला 'ज्याची जागा जाणार तो' म्हणत होते. तो काही हललेला नाही.

रविवार, 24 सप्टेंबर

अटलांटाला 20–6. त्यांचा बिजान रॉबिन्सन, यंदाच्या ड्राफ्टचा आठवा नंबर, रनिंग बॅक, ज्याचा देशभर गाजावाजा, त्याला धावेत 33 यार्डांवर रोखलं. कॅम्पबेल आज टीव्हीवर फारसा दिसला नाही. आजोबांच्या मते हेच चांगलं लक्षण. वहिनींच्या मते पहिल्या राउंडचा माणूस दिसलाच पाहिजे. मी आजोबांच्या बाजूचा.

शुक्रवार, 6 ऑक्टोबर

काल डिक बटकस गेले. शिकागो बेअर्सचे. ज्यांच्या नावाचं पारितोषिक आमच्या पोराच्या कपाटात आहे तेच. आमच्या डिव्हिजनमधला सगळ्यात जुना वैरी शिकागो, तरी आजोबांनी आज टोपी काढली.

जुन्या नोंदी चाळताना एक गोष्ट सापडली. 1965 च्या ड्राफ्टमध्ये शिकागोनं तिसऱ्या नंबरला बटकस घेतले आणि लगेच चौथ्याला गेल सेयर्स. एक लाइनबॅकर, एक रनिंग बॅक, दोन्ही पहिल्या राउंडला. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये. आजच्या हिशेबानं हे दोन्ही 'स्वस्त' जागांवरचे नंबर घालवणंच. अर्थात 1965 चा खेळ आजच्यापेक्षा कितीतरी जास्त धावेचा होता, आणि गिब्ज म्हणजे सेयर्स नव्हे. तरी वहिनींना हे मी लगेच कळवलं.

रविवार, 24 डिसेंबर

मिनेसोटात 30–24. तीस वर्षांनी डिव्हिजनचं विजेतेपद! 1993 नंतर पहिल्यांदा. फोनवर फोन. मित्राच्या घरी शिरा झाला. गेल्या वर्षी याच तारखेला कॅरोलायनानं 320 यार्ड पळवले होते. यंदा धाव रोखण्यात लायन्स अगदी वरच्या रांगेत आहेत. हे एकट्या कॅम्पबेलचं काम नाही, पुढच्या फळीचं जास्त. पण मधलं भोक बुजलंय, आणि ते बुजवणाऱ्यांत 46 नंबर आता नेहमी असतो. पासवर तो अजून कच्चा आहे. वळताना अर्धं पाऊल मागे पडतो, आणि प्रतिस्पर्ध्यांनी ते हेरलंय.

रविवार, 21 जानेवारी 2024

टॅम्पा बेविरुद्ध 31–23. दीड मिनिट उरलेलं, चेंडू त्यांच्याकडे, एक टचडाउन आणि दोन गुणांची जोड मिळाली की बरोबरी. बेकर मेफिल्डनं मधोमध पास टाकला. डेरिक बार्न्सनं पहिल्या पावलातच वाट ओळखली, पासच्या पुढे झेप घेतली, चेंडू छातीशी धरला आणि खाली पडला. सामना तिथेच संपला. ज्याची जागा जाणार होती त्यानंच आम्हाला कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नेलं. चौथ्या राउंडचा लाइनबॅकर!

आज वहिनींनी टोमणा मारला नाही. मारला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रविवार, 28 जानेवारी

सॅन फ्रान्सिस्को. मध्यंतराला 24–7 पुढे. हरलो 34–31. आज यापुढे काही लिहवत नाही.

शनिवार, 27 एप्रिल 2024

यंदा ड्राफ्ट आमच्याच गावात, डेट्रॉइटला. गुरुवारी डाउनटाउनला वहिनी, मित्र आणि मी. पहिल्या दिवशी पावणेतीन लाखांहून जास्त माणसं, तीन दिवसांत पावणेआठ लाखांच्या वर. ड्राफ्टला एवढी गर्दी याआधी कुठेच झाली नव्हती. हार्ट प्लाझापासून वर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि गर्दीत 46 नंबरच्या जर्सी बऱ्याच. वर्षापूर्वी त्या कुणी फुकट दिल्या तरी घेतल्या नसत्या.

लायन्सनं वर सरकून चोविसाव्याला कॉर्नरबॅक टेरियन अर्नोल्ड घेतला, दुसऱ्या राउंडला पुन्हा कॉर्नरबॅक. वहिनी खूश, महागाच्या जागा, स्वस्तातली चार वर्षं. परतताना गाडीत मी विचारलं, कॅम्पबेलला आता किती गुण? त्याच्या नावावर पहिल्या हंगामात 95 टॅकल आहेत. सगळ्या सामन्यांत खेळला, बऱ्याच सामन्यांत सुरुवातीपासून. वहिनींनी थोडा वेळ घेतला. "खेळाडूला सात. नंबराला अजून पाचच." माझा हिशेब वेगळा आहे. नंबराचे गुण ज्यानं निवडलं त्या मॅनेजरला द्यावेत, पोराच्या वहीत ते लिहू नयेत. त्याला सात बरोबर आहेत. कंबर फिरवायला शिकला तर नऊ होतील.

आज संध्याकाळी ड्राफ्ट संपला. लायन्सनं एकूण सहा खेळाडू घेतले. त्यांत लाइनबॅकर एकही नाही.