रोखलेला प्रहार

बखरी वाचताना आकड्यांवर विसंबू नये, हे इतिहासाचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. बखरकाराने लिहिलेली लक्ष-लक्ष फौज किंवा रणात पडलेले सहस्रावधी वीर ही मोजणी नसते. संख्येचा वेष घेतलेले ते एक विशेषण असते. इतिहासकार ते विशेषण बाजूला काढतो आणि पुढे जातो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. आकडा खोटा ठरल्यानंतरही त्या मजकुरात काही खरे उरते काय, आणि उरत असेल तर ते नेमके कोठे उरते, हा त्याचा प्रश्न असतो. या प्रश्नाचे एक अनपेक्षित उदाहरण मला ग्रंथांच्या जगाबाहेर, एका जपानी मुष्टियोद्ध्याच्या कारकिर्दीत आढळले.

सावामुरा तादाशी हे त्याचे नाव. किकबॉक्सिंग या खेळाचा तो जपानमधला पहिला नायक. त्याच्या नावावर २४१ लढती नोंदलेल्या आहेत. त्यांपैकी २३२ विजय, ५ पराभव आणि ४ अनिर्णित. आणि विजयांपैकी २२८ लढती प्रतिस्पर्ध्याला आडवा करून, म्हणजे नॉकआउटने, जिंकलेल्या. हा हिशेब प्रथम वाचला तेव्हा मला बखरीचीच आठवण झाली.

माझ्यासारख्या ग्रंथोपजीवी माणसाला या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. माझ्या पिढीला कराटे ठाऊक झाले ते १९७३ नंतर, ब्रूस लीच्या चित्रपटांमुळे. पुढे शहरांतून त्याचे वर्ग निघाले आणि शाळांच्या पटांगणांवर पांढऱ्या पोशाखातली मुले रांगेने उभी राहून हवेत ठोसे मारताना दिसू लागली. मी त्या रांगेत कधीच नव्हतो. परंतु समोर कोणीही नसताना इतक्या निष्ठेने मारलेला ठोसा म्हणजे काय असावे, याचे कुतूहल मनात राहून गेले. ती क्रिया मला काव्याच्या जातीची वाटे. सावामुराच्या आयुष्याकडे मी वळलो तो या कुतूहलाचे बोट धरून.

सावामुरा हे त्याचे रिंगणातले नाव. त्याचे मूळ नाव शिराहा हिदेकी. १९४३ च्या जानेवारीत, जपानच्या अंमलाखालील मांचुरियात, शिंक्यो येथे तो जन्मला. पुढे जपानमध्ये निहोन विद्यापीठाच्या कलाविभागात तो शिकला आणि विद्यार्थिदशेतच गोजू-र्यू या कराटे-परंपरेत त्याने नाव मिळवले. गोजू म्हणजे कठोर आणि मृदू. ओकिनावाच्या मियागी चोजुन यांनी रूढ केलेल्या या परंपरेच्या नावातच दोन विरोधी तत्त्वांचा समन्वय आहे.

येथे कराटेविषयी दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. एक तिच्या नावाविषयी. ओकिनावातून ही विद्या जपानच्या मुख्य भूमीवर आली. १९२२ मध्ये फुनाकोशी गिचिन यांनी तोक्योत तिचे प्रात्यक्षिक दाखवले. त्या काळी ‘कारा’ हे पद चीनचा निर्देश करणाऱ्या चिन्हाने लिहिले जाई. १९३० नंतरच्या दशकात त्या जागी ‘रिक्त’ या अर्थाचे, त्याच उच्चाराचे चिन्ह रूढ झाले आणि ‘चिनी हात’ हा ‘रिक्त हस्त’ झाला. हेच चिन्ह चिनी-जपानी बौद्ध ग्रंथांत आपल्या ‘शून्यता’ या संज्ञेसाठी योजिले जाते. एका अक्षराच्या पालटाने युद्धविद्येला तत्त्वज्ञानाचे आवरण मिळाले. त्या पालटामागे त्या काळचे राष्ट्रवादी राजकारण होते हे खरे. पण शब्दाने एकदा नवा अर्थ धारण केला की तो आपल्या निर्मात्यांच्या हेतूंपुरता मर्यादित राहत नाही.

दुसरी गोष्ट प्रहाराविषयी. त्या काळच्या विद्यापीठीय कराटे-स्पर्धांत सर्वसाधारणपणे ठोसा किंवा लाथ पूर्ण वेगाने सोडायची आणि प्रतिस्पर्ध्याच्या देहाच्या किंचित अलीकडे रोखायची, असा संकेत होता. पंच त्या रोखलेल्या प्रहारावरून गुण देत. जे घडले नाही, परंतु निश्चितपणे घडू शकले असते, त्याचे हे मूल्यमापन. ध्वनिविचार शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला या संकेताचे आकर्षण वाटले नाही तरच नवल. वाच्यार्थाच्या अलीकडे थांबलेला अर्थ आपण श्रेष्ठ मानतो. येथे देहाच्या अलीकडे थांबलेला आघात श्रेष्ठ मानला जात होता.

अशा संकेतात घडलेला तरुण जेव्हा संकेत न मानणाऱ्या जगात उतरतो, तेव्हा काय होते? थायलंडची मुए थाई ही युद्धकला मुठी, कोपरे, गुडघे आणि नडगी या सर्वांनी प्रत्यक्ष आघात करण्याची. १९६४ मध्ये क्योकुशिन या आक्रमक कराटे-संप्रदायाचे तिघे योद्धे बँकॉकला जाऊन थाई मल्लांशी लढले. दोघे तरुण जिंकले. त्यांच्यासोबत गेलेले शिक्षक कुरोसाकी केन्जी हरले. या घडामोडींच्या निकट नोगुची ओसामु नावाचा मुष्टियुद्धाचा प्रवर्तक होता. थाई खेळाचा साचा घ्यावा आणि त्यात जपानी कराटेपटू उभे करावेत, ही कल्पना त्याची. ‘किकबॉक्सिंग’ हा इंग्रजी पेहरावाचा जपानी शब्दही त्याचाच. एप्रिल १९६६ मध्ये ओसाकात या नव्या खेळाचा पहिला कार्यक्रम झाला. त्यात सावामुरा लढला आणि जिंकला.

त्यानंतर थोड्याच काळात, त्याच वर्षी, त्याची गाठ सामान सोर आदिसोर्न या थाई योद्ध्याशी पडली. सावामुरा सोळा वेळा खाली पडला. सोळा हा आकडा कोणी वाढवून सांगितलेला नाही. तो वाढवण्यात कोणाचेच हित नव्हते. चौथ्या फेरीत लढत संपली. ज्या देहाला प्रहार रोखण्याचे शिक्षण मिळाले होते, त्याला न रोखलेल्या प्रहाराचा अर्थ त्या रात्री कळला असला पाहिजे. पहिल्या पतनानंतरचे उठणे हे क्रीडावृत्तीचे लक्षण मानता येईल. दहाव्या पतनानंतरच्या उठण्याला काय म्हणावे? त्यात विजयाची आशा नसते. प्रेक्षकांसाठी म्हणावे, तर प्रेक्षकांना एव्हाना निकाल कळलेला असतो. माझ्या मते ते उठणे म्हणजे आपल्या अज्ञानाची पूर्ण किंमत रोख मोजण्याची तयारी होती. येथून पुढे त्याने थाई पद्धतीचा सराव गांभीर्याने केला आणि तो खऱ्या अर्थाने व्यावसायिक झाला.

पुढचा भाग वैभवाचा आहे आणि तो थोडक्यात सांगितला तरी चालेल. १९६८ पासून टीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीवर त्याच्या लढती घरोघर दिसू लागल्या. हवेत उसळून गुडघ्याने केलेल्या त्याच्या आघाताला ‘शिंकू तोबी हिझागेरी’ असे नाव पडले. शिंकू म्हणजे निर्वात पोकळी. त्या शब्दातही ते शून्याचे चिन्ह आहेच. काजिवारा इक्की या लेखकाने त्याच्यावर ‘किक नो ओनी’ ही चित्रकथा रचली आणि १९७० मध्ये तिची सचेतपट-मालिका दूरचित्रवाणीवर आली. १९७३ मध्ये व्यावसायिक क्रीडेचा जपानमधला सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. त्याच वर्षी बेसबॉलचा महानायक ओह सादाहारु याने फलंदाजीतले तिन्ही मान एकाच हंगामात पटकावले होते. तरीही निवड सावामुराची झाली. आणि त्याच वर्षी जपानचा ध्वनिमुद्रिकेचा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा गायक इत्सुकी हिरोशी हाही नोगुचीच्याच पंखाखालचा होता. यावरून प्रवर्तकाच्या हाताची पोच ध्यानात यावी.

आता त्या आकड्याकडे पुन्हा वळू. सुमारे दहा-अकरा वर्षांत २४१ लढती, म्हणजे सरासरीने वर्षाला वीसहून अधिक. पूर्ण आघाताच्या खेळात मानवी देह इतके सोसू शकेल काय, असा प्रश्न जाणकारांनी त्या काळीही विचारला आणि नंतरही. आणलेले थाई प्रतिस्पर्धी नेहमीच जिंकण्यासाठी उतरत नसत, कित्येक लढतींचा शेवट आधी ठरलेला असे, हा आक्षेप या कारकिर्दीला कायमचा चिकटला आहे. २०२० मध्ये होसोदा मासाशी यांनी नोगुचीचे बृहद् चरित्र लिहिले. ‘सावामुरा तादाशीला पोकळीत उडवणारा माणूस’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. उडणारा एक, उडवणारा दुसरा.

याच्या शेजारी दुसरे एक चरित्र ठेवावे लागते. बँकॉकला हरलेल्या कुरोसाकींनी परत येऊन मेजिरो व्यायामशाळा काढली आणि आपला पराभव शिष्यांच्या देहांतून वर्षानुवर्षे उजळून घेतला. त्यांचा शिष्य फुजिवारा तोशियो याने १९७८ मध्ये बँकॉकच्या राजदमनर्न क्रीडागाराचे विजेतेपद मिळवले. थाई नसलेल्या माणसाला ते प्रथमच मिळत होते. अस्सलपणाचा निकष लावायचा तर फुजिवाराचा तो एक विजय दोनशे बत्तीस विजयांवर भारी ठरतो, यात मला शंका नाही.

मग सावामुराला बेगडी म्हणून बाजूला सारावे काय? येथे माझ्यातला समीक्षक अडखळतो. अस्सल आणि नक्कल यांची निवड करण्यात आम्हा मंडळींचे आयुष्य जाते. आमच्याही व्यवहारात नुरा कुस्त्या कमी नसतात. आगाऊ ठरलेली परीक्षणे आणि परस्परांच्या प्रस्तावना मी पुष्कळ वाचल्या आहेत. सोयीने वाटलेले सन्मानही पाहिले आहेत. त्या व्यवस्थेच्या आत राहूनही एखादा लेखक आपल्या ओळीशी प्रामाणिक राहिलेला असतो, हेही पाहिले आहे. चौकट बनावट आहे एवढ्यावरून आतले सर्व काही बनावट ठरत नाही. अशा वेळी मी लेखकाच्या गाजलेल्या पुस्तकांकडे न जाता त्याच्या फसलेल्या पुस्तकाकडे जातो. यशाला साहाय्यक अनेक असतात. अपयश बहुधा एकट्याचे असते. सावामुराच्या २३२ विजयांपैकी किती त्याचे आणि किती नोगुचीचे, हे कोणी सांगू शकणार नाही. पण १९६६ मधली ती सोळा पतने आणि त्यांच्या मधली उठणी सर्वस्वी त्याची होती. बखरीतले जे खरे उरते, ते मला येथे सापडते.

आणखी एक गोष्ट त्याची होती, ती म्हणजे त्याचे मौन. १९७७ मध्ये तो निवृत्त झाला आणि प्रसिद्धीच्या झोतातून पूर्णपणे बाहेर पडला. दूरचित्रवाणीवरची त्या खेळाची लाटही त्यानंतर लवकरच ओसरली. इतका दिसणारा माणूस दिसेनासा झाला, तेव्हा लोकांनी ती पोकळी अफवांनी भरली. तो मरण पावला, असेही बोलले गेले. येथे एक विलक्षण योगायोग नोंदवावासा वाटतो. काजिवारा यांनीच दुसऱ्या टोपणनावाने लिहिलेल्या ‘आशिता नो जो’ या मुष्टियुद्धाच्या चित्रकथेत रिकिइशी नावाचे पात्र मरते. १९७० मध्ये, कवी आणि नाटककार तेरायामा शुजी यांच्या पुढाकाराने, त्या काल्पनिक योद्ध्याची खरीखुरी अंत्यविधिसभा तोक्योत भरली आणि शेकडो वाचक तिला आले. एकाच लेखणीचे हे दोन नायक. जो कधी जन्मलाच नव्हता त्याला निरोप मिळाला. आणि जो जिवंत होता त्याला लोकांनी परस्पर मृत ठरवले.

सावामुरा त्या काळात मोटारींच्या व्यवसायात होता आणि मुलांना कराटे शिकवत होता. आपल्या आकड्यांची बाजू मांडण्यासाठी त्याने वादाचा आखाडा उघडला नाही, की नोगुचीवर खापर फोडून स्वतःची सुटका करून घेतली नाही. आत्मचरित्रांच्या या सुकाळात हे मौन मला दुर्मीळ वाटते. कोणी म्हणेल, हे मौन म्हणजे कबुलीच. असेलही. पण तो अर्थ एकमेव नाही, आणि मौनाला एकच अर्थ चिकटवण्याची घाई वाचकाने करू नये, असे आपले काव्यशास्त्र सांगत आले आहे.

१९९३ मध्ये, सेइदोकाइकान या कराटे-संस्थेचे इशिई काझुयोशी यांनी के-१ ही स्पर्धा सुरू केली आणि किकबॉक्सिंगला जपानमध्ये दुसरा जन्म मिळाला. नव्या प्रेक्षकांपैकी अनेकांना सावामुरा हे केवळ आईवडिलांच्या तोंडून ऐकलेले नाव होते. २६ मार्च २०२१ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो वारला, वय ७८. बातमी बाहेर आली ती काही दिवसांनी.

त्याच्याकडे शिकायला आलेल्या मुलांचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. त्यांतल्या पुष्कळांना आपल्या शिक्षकाच्या नावावर किती विजय आहेत, हे ठाऊकही नसेल. त्यांना तो हाताची मूठ कशी वळावी, पाय कोठे रोवावा, आणि सर्व शक्तीनिशी सोडलेला ठोसा समोरच्या सोबत्याच्या छातीपासून नेमक्या किती अंतरावर थांबवावा, हे दाखवत असेल. सोळा वेळा जमिनीवर पडलेल्या माणसाइतके ते अंतर दुसऱ्या कोणाला नीट समजले असेल, असे मला वाटत नाही.